डेस्कटॉपवरचे धवले

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी मान धवलारणीचा. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीला तिनं त्या त्या विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणायचा, तेव्हा तो विधी लागला असं धरतात. बोनकोड्यात आणि आसपासच्या चार-पाच गावांत आईशिवाय नवऱ्याला हळद चढत नसे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. वीस-बावीस धवले, त्यातले काही पाऊण तास चालणारे, सगळे डोक्यात. मला त्यातला एकही धड येत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी म्हणायला नको.

शिकवायला ती केव्हाही तयार होती. तिच्या मागं बसायचं, ती ओळ टाकेल तिचं शेपूट धरायचं, चार-पाच हंगाम लग्नं करायची, की येतं. पण मी वाशीला कॉलेजात जायला लागले होते आणि माझ्या मैत्रिणी नव्या शहरातल्या, सेक्टरमधल्या. मांडवात आईमागं बसून हेल काढायची मला लाज वाटायची. एकदा मी तिला म्हटलंही, "आये, कोण ऐकतंय ते? बँडवाला सुरू झाला की तुझा आवाज तुलाच ऐकू येत नाही." ती सुपातले तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नको आयकू दे. ज्यांना आवतन हाय त्यांना आयकू जातं." मी हसले होते. काय मस्ती असते ना त्या वयात!

पुढं मी डीटीपी शिकले आणि घरीच कॉम्प्युटर घेतला. बाबांनी जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर तीन मजले उभे केले होते आणि मग ते लवकर गेले. वर भाडेकरू, खाली आम्ही दोघी. पुढच्या खोलीत माझं मशीन. सोसायट्यांच्या नोटिसा, कुणाचे बायोडेटा, आणि हंगामात लग्नपत्रिका. गावातल्या पोरापोरींच्या पत्रिका मी टाइप करायचे आणि त्यांच्या हळदीला आई धवले म्हणायची. आम्ही दोघी एकाच धंद्यात आहोत असं ती सगळ्यांना चेष्टेनं सांगायची.

ऐन थंडीत आईच्या गालात आतून फोड आला. आयुष्यभर मिश्री लावलेली. आधी तिनं तुरटी लावली, मग हळद, मग मला सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि मला एकटीला आत बोलावलं. जबडा काढावा लागेल, जीभही निम्म्याहून जास्त जाईल. मी विचारलं, बोलता येईल का? ते म्हणाले, गिळता आलं तरी पुष्कळ समजा. तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

आईला मी बाहेर बाकावर बसून सांगितलं. ती म्हणाली, "मंग धवल्यांचा काय करावाचा?"

तर असे ते पाच आठवडे. आता तुम्ही विचाराल, टेप का नाही केलंस बाई? केलं असतं. टेपरेकॉर्डर शेजारून मागून आणलाही. पण आई धवला मांडवाबाहेर गायला तयार नव्हती. धवल्यात देवांना, पितरांना बोलावणं असतं. घरात लग्न नाही, मांडव नाही, आणि बोलावून बसवायचं कुणाला? "आवतन द्यावाचा आनि दारातनं परत धाडावाचा? मी मेलं तरी करनार नाय." लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या गावात ढिगानं. मी चार घरून आणून बघितल्या. आई हळदीजवळ बसून तोंड हलवतेय आणि वर व्हिडिओवाल्यानं सिनेमातलं गाणं चढवलंय. सगळ्या कॅसेटींत तेच.

शेवटी ती एवढ्यावर आली की गायचं नाही, पण नुसतं बोलून दाखवेन, तू लिहून घे. मग रोज दुपारी ती माझ्या खुर्चीशेजारी पाट टाकून बसायची आणि मी टाइप करायचे. गाल सुजलेला, मध्येच ती थांबायची, लाळ पुसायची, परत सुरू. बोलताना तिला ओळी आठवायच्या नाहीत, कारण त्या चालीतच बसलेल्या. मग ती ओठ मिटून आतल्या आत चाल घ्यायची, बोट हलवायची, आणि ओळ सापडली की पटकन बोलून टाकायची. मी चिडायचे. "आये, हळू सांग ना, मशीन आहे का मी?" ती म्हणायची, "मशीन तं तुजे म्होरं हाय, तू कं बोंबलतंस?" एवढ्या दुखण्यात तिला विनोद सुचायचे.

सगळ्यात लांब होता आवतनाचा धवला. हळदीच्या आधी म्हणायचा. त्यात गावदेवी आणि वेतोबा झाले की शेतांना आवतन असतं. गावातल्या एकेका शेताला, बांधाला, मिठागराला नावानं हाक मारायची, लग्नाला ये गो, आणि ते शेत आपल्याकडचं काहीतरी घेऊन येतं. एक खार, म्हणजे खाडीकाठचं खारं शेत, राता म्हणजे तांबडा भात आणते, दुसरी चिखलातली निवट्यांची मासळी आणते, मिठागर मिठाची टोपली आणतं, उघडी, म्हणजे बांधातलं भरतीचं पाणी अडवणारं दार, आपला पूर आवरून येते. चाळीस-पन्नास नावं होती. ही शेतं आता नाहीत. त्यांच्यावर सेक्टर आहेत, आमच्या भाडेकरूंची बसस्टॉपं आहेत. मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. टाइप करताना पहिल्यांदा मला कळलं की आई दर हळदीला इतकी वर्षं काय म्हणत होती. मी तिला विचारलं, "ही सगळी तुला माहीतेत? बघितलीत?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते मी अजून विसरलेली नाही. म्हणाली, "लावनी केलीय मी तथं."

त्या दिवशी मी ठरवलं की हे पूर्ण झालं की मी ते पाठ करणार. खरंच ठरवलं होतं. पण मग दुसरा विचार आला की आता पाठ करायची घाई काय, कॉम्प्युटरमध्ये आहे की.

फाइली मी डी ड्राइव्हवर ठेवायचे. कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी असे दोन कप्पे. सी-मध्ये मशीनची स्वतःची सिस्टीम, डी-मध्ये आपलं सामान. सिस्टीम बिघडली तर सी पुसायचा, डी-ला हात लागत नाही. हे मला नीट माहीत होतं, मी लोकांना शिकवायचे. पण आईला ते पसंत नव्हतं. रोज मी तिचे धवले उघडताना एकात एक खिडक्या उघडत जायचे, ते ती बघायची. एक दिवस म्हणाली, "येवऱ्या आतमदी कन्हाला ठेवलंस? मना दिसाला पायजे. डोल्यांम्होरं ठेव."

मी ठेवलं. डी-मधला पूर्ण फोल्डर कट केला आणि डेस्कटॉपवर, पडद्याच्या मधोमध, पेस्ट केला. कॉपी नाही, कट. आमच्या धंद्यात एका कामाच्या दोन प्रती ठेवायच्या नाहीत अशी मला शिस्त लागलेली. दोन ठेवल्या की एकीत दुरुस्ती होते आणि छापायला दुसरी जाते. माझ्याकडून एकदा एका नवऱ्या मुलाच्या पत्रिकेत त्याच्या काकांच्या जागी आजोबा छापून गेले होते आणि काका माझ्या दारात येऊन उभे राहिले होते. तेव्हापासून कट. आणि डेस्कटॉप हा सी-मध्येच असतो हे मला शंभरदा माहीत होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही. आई खूश झाली एवढंच डोक्यात होतं. फ्लॉपीवर उतरवायचं होतं, पण फ्लॉप्या पत्रिकांनी भरलेल्या. प्रिंट काढायची होती, पण प्रिंटर घरी नव्हता, वाशीला जायला लागायचं. सगळं पूर्ण झालं की एकदम काढू, असं म्हणत राहिले.

पूर्ण झालं ते हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी. आईनं अंघोळ केली, देवाला हळदकुंकू वाहिलं आणि तेच बोट घेऊन माझ्या मशीनपाशी आली. मी बंद करू लागले तर म्हणाली, "थांब." आणि पडद्याच्या काचेवर, त्या पिवळ्या फोल्डरवर, हळदकुंकू लावलं.

ऑपरेशन झालं. बारा दिवस मी जाऊन-येऊन होते. चौथ्या दिवशी मशीन बसलं. पत्रिकेच्या कुणाच्यातरी फ्लॉपीतून व्हायरस आला होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडचं कुटुंब भाड्यानं राहायचं. वडील मार्केटला माथाडी, मोठा मुलगा तिशीचा, कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून महाप्याला एका कंपनीत नोकरीला. भला माणूस. तो संध्याकाळी खाली आला, बघितलं, म्हणाला, "ताई, सिस्टीम नव्यानं टाकावी लागंल. सी सगळा पुसावा लागतोय. सीमध्ये तुमचं काय हाय का?"

मी हॉस्पिटलातून आलेली, डबा धुवत होते. आतूनच ओरडले, "काही नाही. माझं सगळं डी-मध्ये असतं. टाका पुसून."

"नक्की ना?"

"अहो नक्की म्हणजे काय! मी काय आज बसलेय का कॉम्प्युटरवर?"

हे माझे शब्द. त्याला मी कधी दोष दिला नाही, देऊ शकत नव्हते.

त्यानं नवी सिस्टीम टाकून दिली. पडदा कोरा, कोपऱ्यात तीन-चार चित्रं, आणि मधे काचेवर वाळलेलं हळदकुंकू. तरीही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलं, डेस्कटॉपवरचं ते नुसतं चित्र होतं, गेलं असेल, माल आत डी-मध्ये आहे. आणि पत्रिकांची घाई होती. दोन दिवस हॉस्पिटलातून आल्या आल्या मी पत्रिका टाइप केल्या. आत्तापर्यंत डी-मध्ये ठेवायचे, पण नवीन सिस्टीम आपोआप जिथं ठेवत होती तिथंच राहू दिल्या. ते सी-मध्ये.

तिसऱ्या दिवशी आईला भेटायच्या वेळी तिनं हातानं विचारलं. तोंडाला बँडेज, नाकात नळी. दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला आणि मधे बोट टेकवलं. मी म्हटलं, "आहे गं आये, जाईल कुठं?" आणि घरी येऊन डी उघडला.

पुढचं काय सांगू? फोल्डर नव्हता. मी डी-मधला एकूण एक कप्पा उघडला. मग आठवलं, कट. मग जिन्यावरून चप्पल न घालता धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. तो जेवायला बसला होता. माझं तोंड बघून ताटावरून उठला. सगळं ऐकून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "त्यानंतर मशीन वापरलं का?"

मी म्हटलं, "दोन दिवस."

तो खाली आला, मशीनचा प्लग ओढला. "आता हात लावू नगा. ताई, पुसलं म्हंजे लगेच जात न्हाय. नुसती दारावरची पाटी काढत्यात, सामान आत तसंच असतंय. पर जागा रिकामी दिसली की नवीन सामान तितंच बसतंय. कुटं बसलंय ते बघावं लागंल."

त्यानं डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून कंपनीत नेली. तिथं एक प्रोग्रॅम होता, डिस्कवर कुठं काय उरलंय ते तुकड्या-तुकड्यानं वाचून दाखवणारा. कंपनीचं काम संपल्यावर तासभर तो ते चालवायचा. दोन दिवसांनी विचारत आला की शोधू कुठल्या शब्दानं? आमचा मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेलं मराठी सोंग. फॉन्ट उतरला की खाली नुसतं अगडबगड, स्वल्पविराम, टिंबं, डॉलरची चिन्हं. मी वाशीच्या दुकानात जाऊन 'आवतन' टाइप केलं, फॉन्ट बदलला आणि जे दिसलं ते कागदावर उतरवून त्याला दिलं. मग 'हलद' दिलं, 'मांडव' दिलं, 'नवरा' दिलं. त्यानं सापडलेलं सगळं छापून आणलं. छिद्रवाल्या लांब कागदाचा हातभर गठ्ठा. आठ-दहा दिवसांत मला ते अगडबगड नुसत्या डोळ्यांनी वाचता यायला लागलं.

त्यातलं बहुतेक पत्रिकाच निघायचं. मांडव, हळद, नवरा हे शब्द त्यातही असतातच की. पाच-पाच वर्षांपूर्वीच्या पत्रिका, ज्यांची लग्नं मोडलीसुद्धा असतील, त्या अख्ख्या, एक काना न हरवता. पाण्याच्या मोटारीबद्दलची सोसायटीची नोटीस तीनदा. मी ते कागद भिंतीवर आपटायचे. एकटी असले की शिव्या द्यायचे, मशीनला, पत्रिकांना, स्वतःला. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. आता मी रोज पाच-पाच फ्लॉप्या भरून ठेवत होते, कशाच्या तर नोटिसांच्या.

दरम्यान आई घरी आली. ती यायच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं. दुसरी डिस्क घालून मशीन सुरू केलेलं होतं. त्याच्या डेस्कटॉपवर मधोमध एक नवा, रिकामा फोल्डर बनवला आणि जुनंच नाव दिलं. आई पदरानं तोंड झाकून आत आली, आधी देवाकडे गेली, मग मशीनकडे. बघितलं. बोट लावलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं, पण मी चहा ठेवायला आत गेले.

वैशाखात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. काकांनी येऊन आईसमोर मला सांगितलं की वहिनीला आता जमणार नाही, तर यंदा पोरगी कागद धरून म्हणेल, घरातलाच मान आहे. आईनं मान डोलवली. तिचे डोळे इतके भरून आले होते. ती इतकी वर्षं ज्याची वाट बघत होती ते असं होत होतं. माझ्याकडे सात आठवडे होते.

सोळा धवले मिळाले. तुकडे जोडून, पण मिळाले. चार-पाच मोडके होते, ते आईबरोबर म्हणणाऱ्या शेजारच्या म्हातारीला विचारून बरेचसे भरले. आवतनाचा मात्र तुकडा निघेना. शेवटी एका संध्याकाळी तो साताऱ्याचा भाऊ जिन्यातूनच हाक मारत आला. कागदावर पेनानं गोल केला होता. मी वाचू लागले. गावदेवीला आवतन, वेतोबाला आवतन. मग पहिली आली चिंचखार, तिनं आणला राता भात. दुसरी आली... करत अकरा शेतं आली. बाराव्या शेताच्या ओळीच्या मधोमध, "तिनं आनली" आणि पुढं लगेच, "थिती प्रार्थनीय. कृपया आहेर आणू नये. आपले नम्र."

माझी पत्रिका. त्या दोन दिवसांतली. आवतनाच्या उरलेल्या धवल्यावर ती बरोब्बर जाऊन बसली होती. तिच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं तिसरी. शेवटच्या चार ओळी खूप लांब एका कोपऱ्यात सापडल्या. मधली तीसेक शेतं गेली.

तो म्हणाला, "ताई, यापुढं न्हाय व्हनार." आणि पेन खिशाला लावून जिन्याकडे वळला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

म्हातारीकडे गेले. ती म्हणाली, "माय, आमी मागनं बोलनाऱ्या. तुज्या आयशीनं नाव टाकला का आमचा तोंड उघडतं. पयला नाव आमच्या तोंडान कवा आलाय?" तिनं प्रयत्न केला. डोळे मिटून बसली, 'तिनं आनली गो, तिनं आनली' एवढंच म्हणत राहिली. काकांकडे गेले. त्यांनी स्वतःची चार शेतं सांगितली, त्यातली तीन माझ्याकडे होतीच. आईला विचारायचं तर काय विचारायचं? लिहिता येत नाही, बोलता येत नाही. आणि विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार. कितीदा तिच्याजवळ जाऊन बसले. ती मशीनच्या पडद्याकडे बोट दाखवून मला खूण करायची, पाठ कर, पाठ कर. मी परत उठायचे.

मग मी नावं बनवली.

हो, बनवली. काय करणार होते? टाइप करताना एकदा ऐकलेलं थोडं आठवत होतं, थोडं आठवतंय असं वाटत होतं. बाकीचं घातलं. केळीची पट्टी, सोनखार, मोराचं रान. सत्तावीस शेतं मी आठ दिवसांत जन्माला घातली आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी दिलं. कुणी ऐकतंय कशाला, बँडवाला असतोच, असंही मनाशी म्हटलं. मला तेव्हा ते पटलं होतं.

हळदीच्या दिवशी मी आईच्या जागी पाटावर बसले. आई समोर, बायकांच्या पहिल्या रांगेत, पदर नाकापर्यंत ओढलेला. ऑपरेशननंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत आली होती. मी सुरू केलं. म्हातारी मागून सांभाळून घेत होती. गावदेवी झाली, वेतोबा झाला, चिंचखार आली. आईची मान चालीवर हलत होती. अकरा शेतं नीट आली, बारावंही कसंबसं निभावलं.

मग मी म्हटलं, आली आली केळीची पट्टी, तिनं आणला केळीचा घड.

आईची मान थांबली. म्हातारी क्षणभर अडखळली आणि मग तिनं शेपूट धरलं, तिनं आनला गो घड. मी पुढं रेटलं. सोनखार. मोराचं रान. मी कागदावरून डोळे उचलत नव्हते, पण समोर काहीतरी हललं म्हणून बघितलं. आईनं पदर खाली घेतला होता. अर्धा चेहरा नसलेलं ते तोंड तिनं मलासुद्धा धड दाखवलं नव्हतं, ते सगळ्या मांडवासमोर उघडं होतं, आणि ती हात वर करून मला नाही, नाही, नाही म्हणत होती. खाऱ्या जमिनीत केळ होत नाही हे तर लहान पोरालाही माहीत असतं.

मी तिथून थेट शेवटच्या चार ओळींवर उडी मारली आणि संपवलं. आईनं पदर परत वर घेतला. बँड सुरू झाला. कुणाला काही कळलं नाही. एक बाई माझ्या गालाला हळद लावत म्हणाली, "बरा बोललंस गो. आयशीची गादी चालवशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईपुढं बसून सगळं सांगितलं. डी-मधून कट केल्यापासून रिकाम्या फोल्डरपर्यंत. मध्ये ती एकदाही हलली नाही. मी रडत होते, पाया पडत होते, म्हणत होते, मार मला, आये. तिनं मारलं नाही. रागावलीही नाही, म्हणजे निदान दिसली नाही. उठून तिनं दार लावून घेतलं. परत येऊन मांडी घातली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. बस.

मी बसले. तिनं पदर काढला, डोळे मिटले, बोट हलवून चाल घेतली आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज नव्हता. घशातून नुसती घरघर, मधे कुठं हेल वर गेला तर तो कळायचा, बाकी जीभ नसलेलं तोंड हलत होतं. मांडव नव्हता, लग्न नव्हतं. तरी ती म्हणत होती. एकेक नाव आलं की ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि मी मागून म्हणावं म्हणून हातानं खुणवायची. मी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. मला एक अक्षर लागत नव्हतं. लाळ तिच्या गळ्यावरून झंपरावर उतरत होती आणि ती पुसत नव्हती. पहिल्या दोन नावांना मी म्हटलं, परत सांग, परत सांग. तिनं परत सांगितलं. मग मी विचारणं सोडलं आणि तिच्याबरोबर नुसते ओठ हलवायला लागले.

पाऊण तास ती म्हणत होती. एकही शेत सोडलं नसणार. संपल्यावर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भुवया उंचावून विचारलं, आलं का?

मी म्हटलं, "आलं, आये. सगळं आलं."